फुटका मॅनिफोल्ड आणि केबिनमधला धूर

गेल्या हिवाळ्यात काकतीच्या एका शेतकरी बंधूंनी आमच्याकडे प्रकृतीची एक तक्रार मांडली. आठवड्यातून तीन रात्री ते कोबी, बीन्स आणि कोथिंबीर भरून आपली लहान पिकअप घेऊन निघतात आणि जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट अशा वाटेने पहाटे म्हापशाच्या बाजारात पोचतात. थंडी असल्याने दोन्ही काचा वर केलेल्या असतात. भाजी उतरवायच्या वेळेस त्यांचे डोके ठणकत असे आणि पोटात मळमळे. परतीच्या प्रवासात उन्हामुळे काचा उघड्या राहत आणि दुपारपर्यंत सारे निवळे. गाडी न नेलेल्या दिवशी काहीच होत नसे. त्यांनी पित्ताच्या गोळ्या घेतल्या, चष्म्याचा नंबर तपासून घेतला, रात्रीची भाकरी एकने कमी केली. गुण आला नाही. शेजारी बसणाऱ्या त्यांच्या मुलालाही तोच त्रास होता. पण तरुण पोरगा, झोप पुरत नसेल, असे म्हणून कोणी मनावर घेतले नाही.

गाडीची तक्रार निराळीच होती. सकाळी थंड इंजिन सुरू केले की टिक्-टिक्-टिक् असा आवाज येई आणि दोन-चार किलोमीटर गेल्यावर तो कमी होई. चढाला पुन्हा वाढे. आवाजापलीकडे काही बिघाड दिसत नव्हता म्हणून तीन महिने तसेच गेले. या दोन तक्रारी एकाच दुखण्याच्या आहेत हे त्यांच्या लक्षात आले नाही आणि, खरे सांगायचे तर, आमच्याही आले नाही. शेवटी मेस्त्रींनी सीट उचलली, कारण या लहान गाड्यांत इंजिन सीटखालीच असते, आणि टॉर्च मारला. मॅनिफोल्डच्या एका टोकाला इंजिनच्या हेडवर काजळीचा काळा पट्टा उमटला होता.

“दादा, डोकं दुखतंय म्हणालासा न्हवं?” मेस्त्री म्हणाले. “हे बगा तुमचं पित्त.”

आपल्या धर्मग्रामात आता घरटी नाही तरी वाड्यागणिक एक पिकअप किंवा छोटा हाथी आहे. म्हणून हा विषय थोडा विस्ताराने मांडावा असे आम्हांस वाटले.

इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळका वायू बाहेर पडतो. हे सारे वायू एकत्र करून सायलेन्सरच्या पाइपात सोडणारा जो बोटे फुटल्यासारखा भाग असतो, तो मॅनिफोल्ड. तो बहुधा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. बीड उष्णता सोसते, आवाज दाबते आणि वाकडातिकडा आकार एका ओतात घेते. बिडाचे आणि आपल्या भागाचे नाते जुने आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत असल्यामुळे प्रारंभी तो नांगर कोणी हाती धरीना. १९१० मध्ये ते कुंडलच्या माळावर गेले आणि तेथे किर्लोस्करवाडी वसली. आज बेळगावच्या उद्यमबागेत आणि तिकडे कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत मोटारींच्या सुट्या भागांचे ओतकाम चालते. लोखंडाने जमीन काही विषारी झाली नाही. पण लोखंडातून गळणारा वायू मात्र खरोखरच विषारी असतो, आणि त्याची भीती कोणाला वाटत नाही!

बीड फुटते ते तापण्या-निवण्याने. पेट्रोल इंजिनावर जोर पडला की बाहेर येणारा वायू ८०० अंश सेल्सिअसच्याही पुढे जातो. एक फूट लांबीचे बीड ५०० अंशांनी तापले तर दीड मिलिमीटरच्या आसपास वाढते. ते ज्या हेडवर आवळलेले असते, ते पाण्याने थंड राहत असल्यामुळे तितके वाढत नाही. म्हणजे मॅनिफोल्ड रोज थोडा सरकतो आणि पुन्हा मागे येतो. ही ओढाताण सर्वांत जास्त दोन्ही टोकांच्या स्टडना बसते, म्हणून बहुधा टोकाचाच स्टड तुटतो. स्टड तुटला की पॅकिंग जळते, फट पडते, आणि गरम वायू त्या फटीतून जाऊन धातू खात राहतो. भरीस भर म्हणून सायलेन्सरचा आधार तुटलेला असतो. तो आपण सुतळीने नाहीतर तारेने बांधतो. मग सगळा भार मॅनिफोल्डवर लोंबतो आणि खड्ड्यागणिक त्याला हिसका बसतो. घाट चढून तापलेल्या इंजिनवर पाण्याचा पाइप मारणे हीदेखील बीड तडकवण्याची खात्रीची रीत आहे.

आता त्या वायूविषयी. पेट्रोल पुरते जळले नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गळतीबरोबर जो जळका वास येतो तो इतर द्रव्यांचा असतो, आणि नाक त्याला थोड्या वेळात सरावते. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत असतो, पण रक्त प्राणवायू वाहत नाही. हजार भाग हवेत एक-दीड भाग एवढा वायू मिसळला तरी काही तासांत माणूस दगावू शकतो. त्याहून पुष्कळ कमी असला तर डोके दुखते, मळमळते, गरगरते, हातपाय गळतात, आणि गाडी चालवणाऱ्याचा अंदाज चुकतो. घाटाच्या वळणावर अंदाज चुकणे म्हणजे काय हे चोर्ल्याने जाणाऱ्यांना आम्ही सांगायला नको. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात. आमच्या बंधूंचे डोके दुपारी का उतरत असे, त्याचे उत्तर यातच आहे. गरोदर स्त्रिया, लहान मुले, हृदयविकाराचे आणि रक्त कमी असलेले रुग्ण यांना थोडाही वायू जास्त बाधतो.

करोनाच्या साथीनंतर पुष्कळ घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. त्यावर या विषबाधेत भरवसा ठेवू नये. त्या यंत्राला प्राणवायूने भरलेले रक्त आणि या वायूने भरलेले रक्त यांतला फरक कळत नाही. माणूस बेशुद्ध पडत असतानाही ते अठ्ठ्याण्णव दाखवील. दवाखान्यात गेल्यावर “गाडीत धूर येत होता” हे शब्द आपणहून उच्चारावेत, म्हणजे डॉक्टर रक्ताची योग्य तपासणी करतील आणि मास्कमधून शुद्ध प्राणवायू देतील. त्याने चार-पाच तासांचे काम तासा-दीड तासात होते.

दुसरा खोटा भरवसा म्हणजे पीयूसीचा कागद. ती तपासणी सायलेन्सरच्या शेवटच्या तोंडाशी होते. नव्या पेट्रोल गाड्यांत वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि तो बराचसा विषारी वायू निकामी करून सोडतो. मॅनिफोल्डच्या फटीतून निघणारा वायू तिथवर पोचलेलाच नसतो. तो कच्चा असतो आणि सीटखालून थेट केबिनमध्ये शिरतो. गिअरच्या दांडीचे आणि पेडलचे रबर फाटलेले असले तर विचारायलाच नको. आमच्या बंधूंच्या गाडीचा पीयूसीचा कागद चालू होता.

डिझेलवाले आता म्हणतील, आमचे काय? डिझेल इंजिनातून हा वायू पेट्रोलपेक्षा पुष्कळ कमी निघतो, हे खरे. पण डिझेलच्या धुरात काजळी आणि इतर द्रव्ये असतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला आहे. तो केबिनमध्ये रोज घेण्यासारखा नाही.

येथे एका परदेशी अभ्यासाचा उल्लेख करणे आम्हांस भाग आहे. अमेरिकेतील सिॲटल शहरात एका रुग्णालयाने १९८६ ते १९९१ या काळात या वायूने बाधित झालेल्या ६८ मुलांवर उच्च दाबाच्या प्राणवायूने उपचार केले. त्यांतली २० मुले पिकअपच्या मागच्या हौद्यात बसून प्रवास करीत होती. सतरा मुलांच्या डोक्यावर पक्के झाकण होते, तिघांवर ताडपत्री. वीसपैकी पंधरा मुले बेशुद्ध पडली, एक दगावले आणि एकाच्या मेंदूला कायमची इजा झाली. १९९२ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्या सर्व गाड्यांत एकतर धुराची गळती असल्याचे आधीच ठाऊक होते, किंवा सायलेन्सरचे तोंड बाजूला नसून मागे होते. तिकडच्या पिकअप बहुतेक पेट्रोलच्या असतात, तेव्हा आपल्या डिझेल गाड्यांना तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. पण पेट्रोलच्या आणि गॅसच्या लहान गाड्या आता आपल्याकडेही झाल्या आहेत. ३ डिसेंबरच्या फेस्ताला जुन्या गोव्याला जाताना थंडी-वाऱ्यापासून बचाव म्हणून पिकअपवर ताडपत्री बांधून, आत सतरंजी घालून मुलाबाळांना बसवलेले आम्ही पाहिले आहे. मालगाडीत माणसे बसवायला कायद्याची मनाई आहे, ही गोष्ट तर आहेच. पण पोलीस चुकवता येतात. ताडपत्रीखाली साठलेला वायू चुकवता येत नाही. मागच्या मुलांचे बोलणे बंद झाले तर पुढचे मोठे समजतात, पोरे झोपली!

गळती ओळखायला मोठी विद्या लागत नाही. थंड इंजिन मोकळ्या जागेत सुरू करावे. टिकटिक थंडपणी मोठी आणि तापल्यावर लहान होत असेल, तर धातू वाढून फट मिटते आहे असे समजावे. टॅपेटचाही आवाज असतो, पण तो चढावर एवढा फुगत नाही. जोडाशेजारी काजळी उमटली आहे का पाहावे. पेटती उदबत्ती जोडाच्या कडेने फिरवली तर गळतीपाशी तिचा धूर धक्के खातो. मात्र जवळपास पेट्रोलचा वास किंवा गॅसची टाकी असेल तर उदबत्ती मुळीच नेऊ नये, तेथे साबणाचे पाणी बरे. आणखी एक उपाय असा की दुसऱ्या माणसाने ओल्या गोणपाटाचा जाड बोळा सायलेन्सरच्या तोंडाशी क्षणभर धरावा. वायूला बाहेर वाट मिळेना की फटीतला आवाज वाढतो.

गळती सापडल्यावर घरात मतभेद झाला. वडिलांचे म्हणणे, “मेस्त्री, नुस्तं पॅकिंग बदला की.” मुलाने मोबाइलवर अमेरिकेतील पिकअपचे व्हिडिओ पाहिले होते. बीड काढून टाकून चकचकीत पाइपचा मॅनिफोल्ड, ज्याला बाजारात हेडर म्हणतात, तो बसवावा, म्हणजे पुन्हा तडकण्याची भानगड नाही आणि गाडीची ताकदही वाढते, असा त्याचा आग्रह. मेस्त्री बिडाच्या बाजूचे होते. आम्ही त्या दिवशी मुलाला हसलो नाही, कारण त्याचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते.

हेडर कोठे शोभतो ते आधी पाहू. अमेरिकेतील मोठ्या पिकअपना आठ सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असते, चार एका बाजूला, चार दुसऱ्या. म्हणून मॅनिफोल्ड दोन. टोकाचे बोल्ट तुटून थंडीत टिकटिक करण्याची तक्रार तिकडेही घरोघरची आहे. एवढे खोलायचेच आहे तर दोन्हीकडे हेडर बसवू, असा तेथील मालकांचा विचार असतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र आणि शक्यतो सारख्या लांबीचा पाइप असतो. एका सिलिंडरचा वायू दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. उलट पुढे गेलेला झोत मागच्याला ओढून घेतो. त्याने इंजिन मोकळा श्वास घेते. पण हा लाभ मुख्यतः इंजिन जोरात फिरत असताना दिसतो. भाजीची पोती भरून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढणारी गाडी तेवढी फिरतच नाही. आपल्याला हवी ती कमी फेऱ्यांतली ओढ, आणि ती पाइप बदलून फारशी वाढत नाही.

पाइपचे दोषही आहेत. बाजारातील स्वस्त हेडरचा पत्रा पातळ असतो; तो बिडापेक्षा जास्त उष्णता बाहेर टाकतो. इंजिन सीटखाली असलेल्या गाडीत ती उष्णता वायरी, रबरी नळ्या आणि बसणाऱ्याची मांडी यांनाच मिळते. आपल्या पावसाळ्यात पातळ लोखंडी पाइप लवकर गंजतो. हेडवर बसणारी पट्टी पातळ असली तर तापून वाकते, आणि ज्या गळतीसाठी एवढा खर्च केला तीच पुन्हा सुरू होते. आवाज वाढतो तो वेगळाच.

टर्बो असलेल्या डिझेल पिकअपबाबत तर आमचे मत ठाम आहे: हेडरचा विचारही करू नये. तेथे टर्बो मॅनिफोल्डवरच बसलेला असतो. त्याचे वजन आणि ताप बीड पेलते; बारीक पाइपचे ते काम नव्हे. आणि नव्या पेट्रोल गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर आणि कन्व्हर्टर मॅनिफोल्डच्या लगत असतात. कन्व्हर्टर काढून हेडर घातला तर विष केबिनऐवजी शेजाऱ्याच्या अंगणात सोडल्यासारखे होते. सेन्सरच्या आधी फट राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर फसतो आणि इंजिनला पेट्रोल कमी पडते आहे असे समजून जादा सोडायला लावतो. आमच्या बंधूंची गाडी गेले तीन महिने पेट्रोल जास्त खात होती, ते यामुळेच.

कायद्याचीही बाजू आहे. गाडीच्या मूळ रचनेत उत्पादकाच्या तपशिलाशी न जुळणारा बदल करू नये, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते उचलून धरले आहे. आवाज आणि धूर यांसाठी कलम १९० निराळे आहे.

मग हेडर केव्हाच घेऊ नये काय? एखादी जुनी पेट्रोल जीप किंवा व्हॅन असते, जिच्या बिडाचा भाग आता कोठेच मिळत नाही, आणि भंगारातला मिळाला तर तोही तडकलेला निघतो. अशा वेळी चांगल्या लेथवाल्याकडून जाड पट्टीचा आणि जाड पाइपचा मॅनिफोल्ड बनवून घेणे रास्त आहे. हेडवर बसणारी पट्टी दहा मिलिमीटरच्या आसपास जाड असावी, वेल्डिंग झाल्यानंतर तिचा चेहरा मशीनवर सपाट करून घ्यावा, कारण वेल्डिंगने पट्टी वाकतेच. पुढच्या पाइपाला स्वतःचा आधार द्यावा.

तडकलेल्या बिडाला वेल्डिंग करून घेण्याचा मोह पुष्कळांना होतो. साध्या रॉडने थंड बिडावर वेल्डिंग केले तर जोडाशेजारी दुसरी तड जाते. निकेलचा रॉड वापरून, आधी भाग तापवून, नंतर कोरड्या राखेत पुरून सावकाश निववला तर काम काही काळ निभावते. मॅनिफोल्डवर ते फार दिवस टिकेल असे धरून चालू नये.

या गाडीत मेस्त्रींनी स्टडवर गंज सोडवणारे तेल टाकून ते रात्रभर मुरू दिले. घाईने लांब पाइप लावून पाना फिरवला असता तर आणखी दोन स्टड तुटले असते. तुटलेल्या स्टडच्या बुडख्यावर नट वेल्ड करून तो बाहेर काढला. मॅनिफोल्ड काढून त्याच्या चेहऱ्यावर सरळ पट्टी धरली, तर एका टोकाखालून उजेड दिसत होता, आणि टोकाच्या बोटाला केसासारखी तडही गेली होती. तड नसती तर फेसिंग मारून, नवे पॅकिंग आणि नवे स्टड घालून तोच चालला असता आणि वडिलांचे म्हणणे खरे ठरले असते. आता नवा बिडाचाच घेतला. पॅकिंग जुने पुन्हा वापरले नाही. नट मधल्यापासून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत, मापाच्या पान्याने आवळले. सायलेन्सरची सुतळी सोडून तेथे नवा आधार बसवला. गिअरच्या दांडीचे फाटलेले रबर बदलायला सर्वांत कमी पैसे पडले, आणि ते काम दोन वर्षांपूर्वीच व्हायला हवे होते, असे मालकच म्हणाले.

मुलाचे हेडरचे पैसे वाचले. त्यांतून त्याने बॅटरीवर चालणारे, हा वायू वाढला की शिट्टी मारणारे एक छोटे यंत्र मागवले आणि केबिनमध्ये लावले. पूर्वी ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींत यासाठी पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेत. ती पद्धत १९८६ मध्ये बंद होऊ लागली. वडील त्या यंत्राला पोपट म्हणतात.

ज्यांची गाडी आज टिकटिकते आहे आणि मेस्त्रींकडे जायला चार दिवस लागणार आहेत, त्यांनी तोवर दोन्ही काचा खाली ठेवाव्यात. फक्त मागची खिडकी उघडू नये. तिच्यातून धूर उलट आत ओढला जातो. हौद्यात कोणालाही बसवू नये. वाटेत डोके ठणकू लागले तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, बाहेर येऊन बसावे आणि पुढे स्वतः चालवू नये. कोणी गुंगीत दिसला तर त्याला आधी मोकळ्या हवेत ओढावे आणि १०८ ला फोन करावा. हा क्रमांक कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांत चालतो, त्यामुळे घाटात आपण सीमेच्या कोणत्या बाजूला आहोत याचा विचार करीत बसण्याचे कारण नाही.

आमचे बंधू पुढच्या आठवड्यात म्हापशाहून परतले तेव्हा आम्ही प्रकृती विचारली. डोके शांत होते. मेस्त्रींनी गाडी चार-सहा दिवस तापून-निवल्यानंतर नट पुन्हा एकदा तपासायला बोलावले होते, आणि कोबीचा दर पडला म्हणून ते जायचे राहिले होते. आम्ही त्यांना त्याच संध्याकाळी पाठवले.